तिजोरीत बार, दारात पहारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लंडनच्या ‘नेड’ हॉटेलवरचा कालचा लेख वाचला. सजावट झकास. मिडलँड बँकेची जुनी इमारत, वास्तुरचनाकार ल्युटेन्सचा आराखडा, २०१७ पासून हॉटेल, हिरवे दगडी खांब, अक्रोडाच्या लाकडाचे काउंटर, सगळे आले. त्या काउंटरांमागे माणसे बसत होती, एवढेच लिहायचे राहिले.

मी निवृत्त रोखपाल. ‘नेड’च्या तळघरातल्या तिजोरीत आता बार आहे आणि भिंतीभरच्या तीन हजारांहून अधिक लॉकरांमुळे म्हणे ‘वातावरणनिर्मिती’ होते! आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत. एक माझ्याकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकट्याने दार उघडायची सोय नव्हती. साहेब उशिरा आले की टोकन घेऊन बसलेले लोक माझ्या नावाने बोटे मोडत. हे वातावरण मात्र कोणी निर्माण करत नाही. बर्लिनला ड्रेस्डनर बँकेच्या जुन्या मुख्यालयाचे २००६ मध्ये हॉटेल झाले, तिथल्या तिजोरीत तर पोहण्याचा तलाव आहे. पोहा बापडे.

पाडण्यापेक्षा हॉटेल बरे, हे मलाही कळते. एवढाले हॉल सांभाळायचा खर्च कोण करणार? बँकांना तर आता काउंटरवर गिऱ्हाईकच नको झाले आहे.

पण मागे अशाच एका बँकेच्या हॉटेलात (नाव लिहिले तर तुम्हीच कापाल) केवळ छत पाहायला शिरलो होतो. दारावरच्या तरुणाने अदबीने विचारले, “सर, बुकिंग आहे?” नाही म्हटले. “कॉफी घेणार?” नाही, वर बघतो आणि जातो. “मग सर, फोटो बाहेरून काढा.” आतले छत बाहेरून कसे टिपायचे, ते काही त्याने सांगितले नाही. बँक होती तेव्हा खाते नसलेला माणूसही सुटे पैसे मागायला थेट आत यायचा. आम्ही वसकन अंगावर जायचो, तो भाग वेगळा. पण दारात कोणी अडवत नसे.

वारसा म्हणून जाहिरातीत मिरवता, तर आठवड्यातून एक सकाळ हॉल लोकांना पाहू द्या. फुकट. तुमच्या लेखात असा एखादा प्रश्न तरी विचारलेला असेल म्हणून शेवटपर्यंत वाचला. नव्हता.

जाता जाता : हॉलचा फोटो नेमका पानाच्या घडीत छापलात आणि पुडिंगच्या फोटोला पाव पान दिलेत. पुढच्या वेळी पुडिंग घडीत टाका.

आपला,
एक निवृत्त रोखपाल