आरोग्यमंत्री साहेबांना खुलं पत्र: वहीत नाव लिहून घेतलं, पुढे काय?

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ रोज सकाळी ओएसटी सेंटरला जातो, म्हणजे नशेच्या जागी औषधाची गोळी देतात तिथे, गोळी जिभेखाली ठेवतो आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत नर्ससमोर बाकावर बसून राहतो. ब्राऊन शुगर सुटून दीड वर्ष झालं. पण त्याआधी उपचारासाठी एका ठिकाणी नेलं होतं तेव्हा पहिल्यांदा वहीच पुढे आली, नाव, पत्ता, आधार नंबर, आणि हा जो उठला तो तडक घरी, "यादी पोलिसांकडे जाते" एवढंच बोलला, मग त्याला परत तयार करण्यात आमचे आठ महिने गेले.

नोंदणीला माझा विरोध नाही साहेब. पण नोंदणी नुसतीच केली की काय होतं ते तैवानमध्ये दिसलंय. १८९५ ला जपानने ते बेट घेतलं, अफू ओढणारे तिथे भरपूर. गोतो शिम्पेई हे जपानी सरकारी अधिकारी, मूळचे डॉक्टर, त्यांचं म्हणणं एकदम बंदी नको, ज्यांना लागलीय त्यांनाच लायसन्स द्या, अफू सरकारने विकावी, नवीन कोणाला द्यायची नाही. १८९७ ला तसा कायदा आला आणि १९०० पर्यंत १ लाख ६९ हजारांच्या आसपास माणसं रजिस्टरवर आली. विचार वाईट नव्हता हो, पण त्या अफूचा पैसा सरकारी तिजोरीत पडायला लागला आणि तिथेच घात झाला. १९०१ च्या सुमारास गावोगावच्या देवळांत देवाचा कौल घेऊन हजारो लोक आपणहून अफू सोडायला लागले, तर पोलिसांनी ती चळवळच दडपली! पुढे यादी कमी होत गेली ती बरीचशी माणसं मेली म्हणून. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग सरकार पुन्हा नवीन लायसन्सं द्यायला निघालं तेव्हा तिथल्या लोकांच्या पक्षाने १९३० च्या जानेवारीत थेट राष्ट्रसंघाला (लीग ऑफ नेशन्स, युनोच्या आधीची जागतिक संघटना) तार केली, चौकशीला माणसं आली, आणि त्याच वर्षी तैपेईत तू त्सुंग-मिंग नावाच्या तैवानी डॉक्टरांनी व्यसनमुक्तीचं हॉस्पिटल चालवायला घेतलं, डोस हळूहळू उतरवत हजारोंवर उपचार केले. म्हणजे रजिस्टरमागे डॉक्टर उभा राहायला ३३ वर्षं लागली.

आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४अ आहे, थोड्या मालाच्या केसमध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्यावर खटला चालत नाही, पण त्या दिवशी भावाला हे कोणी सांगितलंच नाही. ते मराठीत मोठ्या अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर छापा. ती वही डॉक्टरच्या कपाटातून बाहेर जाणार नाही असा लेखी आदेश काढा. आणि सेंटर सकाळी ७ ला उघडा साहेब, भावाची शिफ्ट ८ ला लागते, सेंटर ९ ला उघडतं, रोज अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातोय.

आपली,
एका पेशंटची बहीण