वऱ्हाडाची रिकामी दुपार

महोदय,

मे महिन्यात दापोलीजवळच्या आमच्या गावी लग्नाला आलेले वऱ्हाडी अक्षता पडल्यावर मांडवातच पेंगत बसले. वास्तविक पोफळींच्या सावलीतून पायऱ्या चढून गाठायचे आसूदचे केशवराज मंदिर आणि संध्याकाळी हर्णै बंदरावर वाळूतच मांडला जाणारा मासळीचा लिलाव, दोन्ही हाकेच्या अंतरावर होते. जेवणाची मात्र खरी अडचण आहे. घरगुती खानावळीत आगाऊ वर्दी दिल्याशिवाय उकडीचे मोदक सोडाच, वरणभातही मिळणे कठीण, हे ठाऊक नसल्याने आमचे वीस पाहुणे दुसऱ्या दिवशी उपाशीच परतले (चूक अर्थात आम्हा यजमानांची). पत्रिकेसोबत खानावळींचे दूरध्वनी क्रमांक व एसटीच्या वेळाही कळवण्याची प्रथा पडावी, असे वाटते.

– एक वाचक, दापोली