रिकाम्या खुर्चीचा खर्च कोण मोजतंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या वाचकांच्या पानावर मागे एक पत्र आलं होतं. आमदार किंवा खासदार मधेच वारला, राजीनामा देऊन गेला तर पोटनिवडणुकीवर करोडो रुपये उडवण्यापेक्षा त्याच पक्षाने आपला माणूस नेमावा आणि विषय संपवावा, आणि पुढे असंही की सगळ्या निवडणुका एकदाच घेतल्या की ही कटकटच राहणार नाही. वाचून पहिला विचार आला की हे गृहस्थ ठाणे जिल्ह्यात नक्कीच राहत नसणार, कारण खुर्ची रिकामी राहिली की काय होतं ते आमच्याइतकं कोणी भोगलं नसेल.

नवी मुंबई महापालिकेची मुदत संपली मे २०२० ला, ठाण्याची मार्च २०२२ ला. मग आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना, मग कोर्ट, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दम भरल्यावरसुद्धा मुदतवाढ मागून मागून शेवटी मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक, म्हणजे बजेट मांडणारा तोच आणि मंजूर करणारा पण तोच, स्थायी समिती नाही, महासभा नाही, प्रश्न विचारायला कोणी नाही. पाणी दोन दिवस आलं नाही तर पूर्वी नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन चार शब्द सुनावता तरी यायचे, निदान पुढच्या वेळी मत मागायला येशीलच ना असं तोंडावर बोलता यायचं. वॉर्ड ऑफिसात तसं बोलून बघा! अर्ज द्या, इनवर्ड नंबर घ्या, साहेब मीटिंगला गेलेत.

आणि हे इथेच थांबलं नाही. विधान परिषदेत ठाण्याची स्थानिक स्वराज्य संस्थांची एक जागा आहे, तिला मत देणारे म्हणजे नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य वगैरे. २०२२ मध्ये त्या जागेची मुदत संपली आणि मतदारच शिल्लक नाहीत म्हणून निवडणूक अडकली. खालची निवडणूक घेतली नाही म्हणून वरची जागा पण रिकामी, आणि याबद्दल ठाण्यात कोणी एक बॅनर लावल्याचं मला तरी आठवत नाही, नाहीतर इथे वाढदिवसाचे किती लागतात ते तुम्हाला माहितीच आहे.

आता त्या पत्रातला मुख्य मुद्दा, खर्च. लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १५१ अ आहे, १९९६ मध्ये घातलेलं. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची, पण दोन पळवाटा: उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर नको, किंवा निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी बोलून सर्टिफिकेट दिलं की सहा महिन्यांत घेणं अवघड आहे, तर नको. पहिलं मला पटतं. अकोला पश्चिमला २०२४ मध्ये जाहीर झालेली पोटनिवडणूक नागपूर खंडपीठाने याच कारणावरून रद्द केली, ठीक आहे, कायदा तसा आहे. दुसरी पळवाट मात्र बघा कशी वापरली गेली.

पुण्याचे खासदार गिरीश बापट गेले २९ मार्च २०२३ ला. लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत, म्हणजे साधारण चौदा-पंधरा महिने शिल्लक. आयोगाने निवडणूक घेतलीच नाही, कारण काय तर आम्ही २०२४ च्या तयारीत आहोत आणि निवडून येणाऱ्याला वेळ कमी मिळेल. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने आयोगाला झापलं आणि ताबडतोब निवडणूक घ्या म्हणून आदेश दिला, जानेवारीत सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली आणि पुण्यासारखं शहर पुढच्या निवडणुकीपर्यंत खासदाराशिवाय राहिलं. चंद्रपूरचं पण तेच, तिथले खासदार बाळू धानोरकर मे २०२३ मध्ये गेले, जागा तशीच.

याच्या शेजारी आपलं ठाणं ठेवा. इथले खासदार प्रकाश परांजपे फेब्रुवारी २००८ मध्ये गेले तेव्हा लोकसभेचे साधारण तेवढेच, पंधराएक महिने उरले होते. आणि मतदारसंघ केवढा, ठाणे, कल्याण, उल्हासनगर, नवी मुंबई सगळं एकात, मतदारांच्या संख्येत देशातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. तरी मे महिन्यात पोटनिवडणूक झाली, आनंद परांजपे निवडून आले, वर्षभर का होईना ठाण्याला खासदार होता. तेव्हा पुढच्या वर्षीच्या लोकसभेची तयारी नव्हती का आयोगाकडे? होतीच की. कायदा तोच, शिल्लक मुदत तेवढीच, आणि २००८ ला तीन महिन्यांत जमलं ते २०२३ ला अजिबात जमलं नाही, तर अडचण पैशाची नाही, इच्छेची आहे हे समजायला हायकोर्टाची गरज नाही.

पक्षाने माणूस नेमावा ही आयडिया कुठे चालते तेही सांगतो. माझी पुतणी न्यू जर्सीला एडिसनमध्ये असते, तिच्याशी निवडणुकांवर बोलणं चालतं. तिथे राज्याच्या विधिमंडळातली जागा रिकामी झाली की त्याच पक्षाची स्थानिक समिती ३५ दिवसांत माणूस देते, म्हणजे अगदी आपल्या पत्रलेखकाच्या मनासारखं, पण तो कायमचा नाही, नोव्हेंबरच्या निवडणुकीत तिथे मतदान घेऊन जागा भरतात. आणि अमेरिकी काँग्रेसच्या खालच्या सभागृहात तर नेमणूक चालतच नाही, निवडणूकच. मिकी शेरिल २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या गव्हर्नर म्हणून निवडून आल्या, २० नोव्हेंबरला काँग्रेसचा राजीनामा दिला, आणि त्या जागेसाठी फेब्रुवारीत प्रायमरी (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान) आणि १६ एप्रिल २०२६ ला मतदान अशा तारखा लागल्या. पाच महिन्यांच्या आत.

त्या राज्याची अजून एक गोष्ट मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. गव्हर्नर आणि विधिमंडळ ते विषम वर्षी निवडतात, राष्ट्राध्यक्षाच्या आणि काँग्रेसच्या वर्षी नाही, १९४७ च्या त्यांच्या राज्यघटनेपासून गव्हर्नरची निवडणूक अशी वेगळी काढली आहे. त्यामुळे त्या वर्षी निदान वीजबिल, प्रॉपर्टी टॅक्स, ट्रेन यावर बोलणं होतं. तोटाही आहे, २०१५ मध्ये फक्त असेंब्लीचं, म्हणजे राज्याच्या खालच्या सभागृहाचं मतदान होतं तेव्हा चौथा हिस्सा मतदारसुद्धा फिरकले नाहीत. आपल्याकडे अंधेरी पूर्वला २०२२ च्या पोटनिवडणुकीत ३२ टक्क्यांच्या आत मतदान झालं आणि दुसऱ्या नंबरवर नोटा! पण तिथे भाजपने उमेदवारच मागे घेतला होता, लोक कशाला येतील.

आणि खर्चाच्या नावाने रडणारे स्वतःला सोयीचं असलं की कसे हात सैल सोडतात तेही तिथलंच उदाहरण. २०१३ मध्ये न्यू जर्सीचे सिनेटर लाउटेनबर्ग वारले, गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांची स्वतःची निवडणूक ५ नोव्हेंबरला होती, तर सिनेटची पोटनिवडणूक त्याच दिवशी न ठेवता यांनी १६ ऑक्टोबरला ठेवली, बुधवारी. त्याआधी प्रायमरी वेगळी, एकेका मतदानाला अंदाजे सव्वा कोटी डॉलर. विरोधक म्हणत होते की सिनेटसाठी उभे असलेले विरोधी पक्षाचे कोरी बुकर यांच्यासाठी येणारे मतदार क्रिस्टींना स्वतःच्या निवडणुकीच्या दिवशी नकोत म्हणून हा खेळ. म्हणजे तारीख ठरवायचं काम सत्तेतल्या माणसाकडे गेलं की इथेतिथे सारखंच.

एकत्र निवडणुकीच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नांदेड. नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेसोबत एकाच दिवशी झाली, लोकसभा काँग्रेसने १४५७ मतांनी जिंकली आणि त्याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीने. मतदार एकाच खोलीत दोन बटणं वेगवेगळा विचार करून दाबतो, तो काही बावळट नाही. पण जानेवारीत आम्ही एकेका प्रभागात चार चार मतं दिली, आणि प्रचारात काय ऐकलं? कोण खरी सेना, दिल्लीत कोणाची ओळख, मुख्यमंत्री कोणाचा. एकटी महापालिकेची निवडणूक असताना ही अवस्था, मग ती लोकसभा-विधानसभेसोबत किंवा त्यानंतर शंभर दिवसांत घेतल्यावर (एकत्र निवडणुकांसाठीच्या कोविंद समितीने मार्च २०२४ च्या रिपोर्टमध्ये शंभर दिवसांचंच सुचवलंय) आमच्या कचऱ्याच्या गाडीबद्दल कोण बोलणार?

पैसे वाचवायचेच असतील तर दोन जागांवरून लढणाऱ्यांकडून घ्या की. एक माणूस दोन ठिकाणी जिंकतो, एक जागा सोडतो, आणि तिथल्या पोटनिवडणुकीचा खर्च आपण भरतो. आयोगानेच २००४ मध्ये सुचवलं होतं की एकाच जागेवरून लढू द्या, नाहीतर विधानसभेसाठी पाच लाख आणि लोकसभेसाठी दहा लाख रुपये भरून घ्या. त्याचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे, दोन्ही बाजूंचे नेते दोन जागांवरून लढतात. आणि कलम १५१ अ मधली ती सर्टिफिकेटवाली पळवाट काढून टाका, किंवा ठेवायची तर त्या सर्टिफिकेटचं कारण जागा रिकामी झाल्यापासून महिन्याभरात जाहीर करायची सक्ती करा, कोणी कोर्टात गेल्यावर नाही.

तुम्हाला एक विनंती. तुमच्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर सोन्याचा भाव आणि धरणातला पाणीसाठा रोज येतो, तसा महिन्यातून एकदा एक छोटा चौकोन टाका: राज्यातली कुठली जागा कधीपासून रिकामी, सहा महिने कधी भरतात. ठाण्याच्या त्या विधान परिषदेच्या जागेपासून सुरुवात करा.

आपला,
एक मतदार, ऐरोली