विषय: पॅसिफिकचे पैसे घेऊन अटलांटिकच दिलंत, रिफंड पाहिजे

नमस्कार,

गेल्या महिन्यात तुमच्या दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुडीच्या गेमचं पॅसिफिक एक्सपान्शन फुल किमतीला घेतलं, सेलची वाटसुद्धा बघितली नाही, कारण अटलांटिक मी दोन वर्षं खेळतोय आणि ते झकासच आहे. पण हे पॅसिफिक म्हणजे त्याच अटलांटिकला नवीन रंग फासलाय राव.

पर्ल हार्बरहून निघालो तर वाटेतल्या मिडवे बेटावर थांबून डिझेल भरायचा ऑप्शनच नाही. बरं ते सोडा. १९४२ मध्ये जपानजवळ मला चाळीस जहाजांचा कॉन्व्हॉय, म्हणजे संरक्षणात एकत्र जाणारा ताफा, भेटला! अहो, चाळीस जहाजं अटलांटिकमध्ये, कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून ब्रिटनला जायची. जपान्यांची कॉन्व्हॉयची घडी बसायला १९४३ चं वर्ष संपत आलं, तोवर बरीच जहाजं एकेकटीच फिरायची, म्हणजे दिवसेंदिवस रिकामा समुद्र आणि मग एकदम लांबवर धुराची रेघ, तीच तर तिथली मजा.

आणि खरं डोकं फिरलं ते टॉर्पेडोवरून. अमेरिकेचा मार्क १४ सुरुवातीला सेट केलेल्या खोलीपेक्षा साधारण १० फूट खालून जायचा, जहाजाच्या चुंबकीय क्षेत्राने स्फोट घडवणाऱ्या मॅग्नेटिक एक्सप्लोडरचा भरवसा नाही, आणि हे निस्तरल्यावर कळलं की जहाजावर बरोबर काटकोनात आपटला की स्फोट सुरू करणारी फायरिंग पिनच अडकते. म्हणजे सगळ्यात परफेक्ट शॉट फुसका आणि तिरका लागला तर फुटणार! जुलै १९४३ मध्ये अमेरिकेच्या टिनोसा पाणबुडीने पॅसिफिकमधल्या ट्रूक बेटांच्या पश्चिमेला एका बंद पडलेल्या जहाजावर एकामागून एक टॉर्पेडो मारले, लागत होते पण फुटत नव्हते, शेवटी उरलेला एक तपासायला परत घेऊन गेले.

मी मुद्दाम तसाच शॉट लावला. जुलै १९४३, टँकर उभा, ९०० यार्ड, अँगल ९०, ‘रिअलिस्टिक टॉर्पेडो’ला टिक. सहाच्या सहा फुटले. जर्मन टॉर्पेडोंची १९४० ला नॉर्वेत झालेली बोंब तुम्ही बरोब्बर दाखवलीत, मग इकडेच काय झालं?

वर माझा क्रू उकाड्याने हैराण दाखवताय, अमेरिकेच्या गॅटो जातीच्या पाणबुडीत एसी होता हो!

दोनदा मेल केला, दोन्ही वेळा उत्तर एकच, गेम रीइन्स्टॉल करा. रीइन्स्टॉल केल्यावर पिन अडकणार आहे का? पॅच कधी येणार त्याची तारीख सांगा, नाहीतर पैसे परत करा. बिल आणि त्या सहा शॉट्सचं रेकॉर्डिंग सोबत जोडलंय.

तुमचा जुना गिऱ्हाईक