शब्दाचा अर्थ देताय, तर वापरही द्या

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ येतात ते मी न चुकता वाचतो, पण एक गोष्ट कधीपासून खटकतेय. नाम असलं की तुम्ही समोर एक मराठी शब्द ठेवता आणि विषय संपवता. अ‍ॅडव्हाइस म्हणजे सल्ला. हेअर म्हणजे केस. झालं! आता मराठीत आपण दोन सल्ले देतो म्हणून वाचणारा बिनधास्त 'टू अ‍ॅडव्हायसेस' लिहून मोकळा होतो, आणि त्याला तरी काय बोलणार, अर्थ बरोबरच होता की.

केसांचंच बघा ना. आपल्याकडे 'केस पांढरे झाले', म्हणजे सरळ अनेकवचन. इंग्रजीत मात्र डोक्यावरचे सगळे मिळून 'हेअर इज', आणि 'हेअर्स' म्हटलं की सुटे केस, कोटावर पडलेले दोन-चार असतात ना, ते. कात्रीचं बरोबर उलटं, आपली एक कात्री इंग्रजीत 'सिझर्स आर'. न्यूजला शेवटी एस आहे तरी 'न्यूज इज', पोलीसला नाही तरी 'पोलीस आर', आणि एकच असेल तर पोलीस ऑफिसर म्हणायचं. हे नुसत्या अर्थावरून कुणाला कळणार?

फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, इन्फॉर्मेशन यांना एस लागत नाही, मोजायचंच असेल तर 'अ पीस ऑफ' वगैरे जोडायचं. गंमत म्हणजे 'दोन माहित्या' आपण मराठीतही म्हणत नाही, तरी 'इन्फॉर्मेशन्स' सर्रास दिसतं. (मीटिंगमधल्या 'फीडबॅक्स'बद्दल मी बोलतच नाही.)

आणि काही नामं तर मोजायला गेलं की अर्थच बदलतात. आयर्न म्हणजे लोखंड पण 'अ‍ॅन आयर्न' म्हणजे इस्त्री, पेपर म्हणजे कागद पण 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र, म्हणजे तुम्हीच!

भाषा बदलते हे मान्य. मेल म्हणजे टपाल मोजत नव्हते, ईमेल सगळेच मोजतात. इंग्रजांनी स्वतःसुद्धा हेच केलंय, वाटाण्याला आधी 'पीज' म्हणायचे, ते एकवचनीच होतं, पण लोकांना त्यातला शेवटचा आवाज अनेकवचनाचा वाटला म्हणून तो काढून 'पी' असा नवाच शब्द झाला. पण ते रुळायला काळ गेला, आणि आज नोकरीचा अर्ज वाचणारा माणूस काही तेवढा थांबणार नाही.

बरं, यावर उपाय शोधायचीही गरज नाही. हॉर्नबी नावाचे गृहस्थ जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेली डिक्शनरी १९४२ साली टोकियोत निघाली, पुढे १९४८ मध्ये ती ऑक्सफर्डने आणली. मोजता येणाऱ्या नामापुढे सी, न येणाऱ्यापुढे यू, एवढीशी खूण. परक्या भाषेतून इंग्रजीकडे येणाऱ्याला नेमकं काय अडतं ते त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

तेव्हा विनंती एवढीच की नामाचा अर्थ देताना ती एक खूण आणि वापराचं एक छोटं वाक्य छापा. जागेचा प्रश्न असेल तर शब्द निम्मे करा, आमची काही तक्रार नाही.

आपला,
एक नियमित वाचक