आई-बाबा, सगळी इमारत एकालाच देऊ नका

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही त्या प्रस्तावाबद्दल सांगितलंत, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. खालचे सगळे गाळे रिकामे करून घ्यायचे, मधल्या भिंती पाडायच्या, वरचा मजलाही द्यायचा आणि इंदुरातली राजवाड्याजवळची आपली अख्खी इमारत एका मोठ्या डिपार्टमेंटल स्टोअरला. भाडं आत्ताच्या कितीतरी पट. तुमचं वय झालंय, आईचे गुडघे दुखतात, आणि राजेंद्रनगरहून तिथवर जाऊन जुन्या भाडेकरूंकडून तुटपुंजी भाडी जमा करणं आता तुम्हाला झेपत नाही, हे मला कळतं. मोह व्हावा असाच प्रस्ताव आहे. तरी माझं मत विरुद्ध आहे, आणि ते इथे अमेरिकेत, ओहायोत जे पाहिलं त्यावरून झालंय.

आमच्या मॉलच्या एका टोकाला एल्डर-बीरमनचं मोठं डिपार्टमेंटल स्टोअर होतं. ओहायोतल्याच डेटनची जुनी कंपनी. तुम्ही इथे आला होतात तेव्हा आईनं तिथूनच तो निळा स्वेटर घेतला होता. २००३मध्ये तिला पेनसिल्व्हेनियाच्या बॉन-टननं विकत घेतलं. पुढे २००६मध्ये बॉन-टननं १०० कोटी डॉलरच्या वर मोजून आणखी दुकानांच्या साखळ्या घेतल्या आणि त्या कर्जातून ती कंपनी कधी वर आलीच नाही. लोक ऑनलाइन खरेदी करायला लागले हे खरंच. पण व्याज भरता भरता दुकानं सुधारायला पैसा उरला नाही, हेही तितकंच खरं. फेब्रुवारी २०१८मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला आणि ऑगस्टअखेर २००हून अधिक दुकानांना कुलूप लागलं. आमच्या गावातलं दुकान बरं चाललं होतं की वाईट, याला काही अर्थच नव्हता. निर्णय गावात झालाच नाही.

नोकऱ्या गेल्या हे सगळ्यांना दिसलं. काउंटरवर पन्नाशी-साठीच्या बायका होत्या, वर्षानुवर्षं बूट नाहीतर अत्तरं विकणाऱ्या. त्यांच्यासाठी नवं काम होतं ते हायवेवरच्या गोदामात, रात्रपाळीचं, जिथे बस जात नाही. पण त्यामागून जे आलं ते जास्त वाईट होतं. मॉलमधल्या लहान दुकानदारांच्या करारात बहुतेक एक कलम असतं: मोठं दुकान बंद पडलं तर त्यांना भाडं कमी देण्याची किंवा करार मोडून निघून जाण्याची मुभा. गिऱ्हाईक मोठ्या दुकानासाठी येणार आणि जाता-येता आपल्याकडे डोकावणार, या हिशेबावरच त्यांनी तिथे जागा घेतलेली असते. एक गेलं की दुसरं, मग तिसरं. शिंप्याचं दुकान गेलं, चष्म्याचं गेलं, खाण्याचे स्टॉल गेले. गावच्या वर्तमानपत्रात रविवारी त्या दुकानाच्या पानभर जाहिराती यायच्या, त्या थांबल्या आणि पेपर बारीक झाला. आणखी एक सांगते, जे कुठल्याच ताळेबंदात येत नाही. दुकान वर्षातून काही दिवस सवलतीची पुस्तिका काढायचं, ५ डॉलरची. ती शाळेच्या बँडची मुलं, चर्चच्या बायका, प्राण्यांचा दवाखाना चालवणारे विकायचे आणि सगळे पैसे त्यांच्याकडेच राहायचे. कितीतरी मुलांचे गणवेश त्यातून झालेत. त्याची जागा दुसऱ्या कुणी घेतली नाही.

मी शाळांच्या हिशेबखात्यात असल्यामुळे करांचं मला जवळून दिसलं. इथे शहराचं मोठं उत्पन्न पगारावरच्या करातून येतं, शाळांचं घरपट्टीसारख्या मालमत्ता करातून. दुकान रिकामं झाल्यावर मॉलच्या मालकानं कौंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाकडे, अर्ज केला की इमारतीची पूर्वीची किंमत राहिली नाही, कर कमी करा. कायद्यानं त्याला तो हक्क आहे. पण शाळांचे काही कर असे असतात की ठरलेली रक्कम जमा व्हायलाच हवी; मॉलचा वाटा घटला की तो घरांवर येतो. जिची काउंटरवरची नोकरी गेली, तिच्याच घराचा कर वाढला. ते आकडे लिहिताना मला फार वाईट वाटलं, बाबा.

आणि ती इमारत अजून तशीच आहे. आत खोलच खोल, खिडक्या नाहीत, मधे भिंत नाही. एवढी जागा एकट्यानं घेणारा दुसरा कोण मिळणार? व्हरमाँटमध्ये बर्लिंग्टन नावाचं शहर आहे; तिथे हायस्कूलच्या इमारतीत विषारी रसायन सापडलं म्हणून मेसीज नावाच्या बंद पडलेल्या डिपार्टमेंटल स्टोअरमध्ये २०२१पासून शाळा भरवली. मुलं सरकत्या जिन्यानं वर्गात जायची. असा उपयोग झाला तर नशीब म्हणायचं.

तुम्ही म्हणाल, ओहायो कुठे आणि इंदूर कुठे. इंदूर वाढतंय, राजवाड्याला पाय ठेवायला जागा नसते. पण बाबा, डिसेंबर १९९१मध्ये हुकुमचंद कापड मिल बंद पडली तेव्हा परदेशीपुऱ्याच्या कामगार वस्तीत काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हीच सांगायचात, पहिल्या महिन्यात मजुराचा पगार बुडाला, दुसऱ्यात किराणावाल्याची उधारी, मग न्हाव्याचं, चहावाल्याचं, शिकवणीच्या मास्तरांचं. जवळपास ४८०० कामगारांना थकलेले सुमारे २२४ कोटी मिळायला २५ डिसेंबर २०२३ उजाडलं. तोवर कित्येक जण गेले होते. सगळ्यांची चूल एकाच भोंग्यावर पेटत होती, म्हणून भोंगा थांबल्यावर एवढा मोठा भाग एकदम बसला.

आपल्या बाजाराचं तसं नाही, आणि तेच मला त्याचं मोल वाटतं. शीतलामाता बाजारात एखाद्या साडीवाल्यानं दुकान बंद केलं, तर चार दिवसांत तिथे दुसरा बसतो. सराफ्यात दिवसा सोनं विकलं जातं, रात्री त्याच ओट्यांपुढे जोशींचा दहीवडा नि गराडू. एका जागेवर दोन-दोन घरं चालतात. आपल्या गाळ्यांत पिको-फॉलवाल्या मावशी आहेत त्या शेजारच्या साडीवाल्यामुळे, आणि साडीवाल्याकडे बायका येतात त्या लगेच फॉल लावून मिळतो म्हणून. मोठ्या दुकानाला हे सगळं स्वतःच्या छताखाली करता येईल, पण ते उद्या उठून गेलं तर एकदम सगळंच जाईल. २०२२मध्ये बिग बाजारचं काय झालं ते आठवा: कंपनीला जागांची भाडी देणं जमेना, आणि रिलायन्सनं त्या जागा ताब्यात घेतल्या. तिथे जागा घेणारा तयार होता. दर वेळी असेलच असं नाही.

म्हणून मला असं वाटतं. वरचा मजला त्यांना द्या, हवं तर मागची बाजूही. रस्त्याकडचे गाळे ठेवा, भाडी आजच्या दराच्या जवळ आणा आणि वसुलीला एखादा विश्वासू माणूस नेमा. त्याचा पगार मी देईन. भिंती मात्र पाडू देऊ नका, निदान मूळ स्थितीत आणून देण्याचा खर्च त्यांनी करायचा असं लिहून घ्या. करारात लॉक-इन, म्हणजे ठरावीक मुदतीत करार मोडता न येण्याची अट, फक्त तुम्हालाच बांधतेय का, ते वकिलांकडून बघून घ्या. अनामत किती महिन्यांची आहे, नोटीस किती दिवसांची, आणि दुकान रिकामं पडलं तर नगर निगमचा संपत्ती कर कुणी भरायचा, हेही विचारा.

आई, तू यावर काहीच बोलली नाहीस. भाड्याची वही तूच लिहितेस. कोण खरंच अडचणीत आहे आणि कोण नुसता टाळतोय, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. तुझं मत मला बाबांच्या फोनवरून नको, तू स्वतः फोन कर.

मसुद्याच्या पानांचे फोटो काढून पाठवा. मी दिवाळीनंतर येतेच आहे. तोवर सही करू नका.

तुमची लेक