जुनी जर्सी फोटोसाठी धुऊ नका

संपादक महोदय,

जिमखाने आणि क्रिकेट क्लबांच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकांत जुने स्वेटर, ब्लेझर, जर्सी यांची छायाचित्रे असतात. बऱ्याचदा हे कपडे फोटोसाठी मुद्दाम धुऊन, इस्त्री करून हँगरला टांगलेले दिसतात. त्याने होणारे नुकसान भरून येत नाही, म्हणून हे पत्र.

गुडघ्यावरचा मातीचा डाग, चेंडू घासून पँटच्या मांडीवर उमटलेली लाल पट्टी हा पुरावा असतो. कपडा खरोखर त्या सामन्यातला आहे का, हे जाणकार असे डाग, रफू आणि शिवणी जुन्या छायाचित्रांशी ताडून ठरवतात. एका धुण्यात हे डाग जातात. इस्त्रीने छापील अक्षरे वितळतात. सुरकुत्या स्वच्छ, कोरड्या हाताने सारख्या कराव्यात, आणि अंगठी आधी काढावी, विणीत अडकते.

लोकरी स्वेटर हँगरवर स्वतःच्या वजनाने ओघळतो. तो टेबलावर पसरून वरून टिपावा. कॅमेरा टेबलाला समांतर आहे का, हे पाहायला टेबलावर छोटा आरसा ठेवावा. लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर दिसले पाहिजे. ब्लेझरला पुतळा चालतो, पण तो एक माप लहान घ्यावा आणि उरलेली जागा आम्लमुक्त टिश्यू कागदाने भरावी. पुतळा मोठा असला, तर जुनी शिवण उसवते.

दोन सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी पेटी लावलेले फ्लॅश दिवे) दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचे माप) ८ ते ११ एवढे पुरते. भरतकामाच्या बोधचिन्हासाठी मात्र एक दिवा बंद करून दुसरा कापडाच्या जवळजवळ पातळीवर आणावा, म्हणजे टाके उठून दिसतात. सतत जळणारे दिवे मांडणीपुरतेच लावावेत. संग्रहालये अशा वस्त्रांवर साधारण ५० लक्सहून (लक्स हे प्रकाश मोजायचे एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत, ते उगाच नव्हे; उडालेला रंग परत येत नाही.

रंगात सर्वाधिक चुका होतात. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप केलेली रंगदुरुस्ती, लोकरीचा मूळ सायीसारखा रंग पांढराफटक करतो. पहिल्या फ्रेममध्ये २४ चौकटींची रंगपट्टी आणि सेंटिमीटरची पट्टी ठेवून रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच, टिपावे.

१९९२चा विश्वचषक हा रंगीत कपड्यांत खेळला गेलेला पहिला. त्यानंतरच्या पॉलिएस्टर जर्सींची अडचण वेगळी. बारीक जाळीदार विणीवर लहरी पट्टे उमटतात, त्याला मोआरे म्हणतात. कॅमेरा थोडा पुढे-मागे करून पाहावा, नाहीतर एफ १६ वर जावे. प्रायोजकाचे नाव चकाकत असेल, तर दिव्यांवर चकाकी कापणारी पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर तिच्याशी काटकोनात फिरवलेला फिल्टर लावावा. त्यात उजेड बराच खाल्ला जातो, म्हणून फ्लॅशची ताकद वाढवावी लागते.

पाठ, आतली शिवण, लेबल, सही, फाटका भाग यांचे वेगळे फोटो हवेतच. स्मरणिकेत त्यांना जागा मिळाली नाही, तरी रॉ फाइलींसह ते क्लबच्या दप्तरी राहावेत. पुढे कपडा विरला, तर तपासायला तेवढेच उरणार आहे.

— वस्त्रजतन व छायाचित्रण क्षेत्रातील दोन वाचक, पुणे